'जोगवा' : सुटका झाल्यावर पुढं काय?

'जोगवा' हा सिनेमा चांगला आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढं मी त्याच्याशी भांडणार आहे. आणि भांडावं तर चांगल्याशी. वाईट सिनेमाशी भांडायला कुणाला सवड आहे? आठ तास रिंगवर उभं राहून आलेला माणूस वाईट सिनेमा लागला की झोपतो. 'जोगवा' लागला तेव्हा मी झोपलो नाही. चार वेळा पाहिला. चारही वेळा आवडला आणि चारही वेळा शेवटाला डोकं फिरलं. असं का होतं ते सांगायचं म्हणून हा लेख.

मी समीक्षक नाही. घर तुळजापूरला, पोट सोलापूरच्या सूतगिरणीत. कविता लिहितो. समीक्षेची परिभाषा मला कुणी शिकवली नाही. पण ह्या सिनेमात जे आहे ते आपल्या लोकांच्या अंगावरून गेलेलं आहे, आणि त्यावर बोलायला कुणाचा परवाना लागत नाही.

आधी माहिती. राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा २००९ साली थेटरात आला. पटकथा-संवाद संजय कृष्णाजी पाटील यांचे, संगीत अजय-अतुल यांचं. ५६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सामाजिक विषयावरचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला बक्षीस मिळालं. उपेंद्र लिमये उत्कृष्ट अभिनेता ठरला. संगीताला मिळालं, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांच्या गळ्यालाही मिळालं. म्हणजे दिल्लीने पाठ थोपटली, पब्लिकने गाणी डोक्यावर घेतली. दोन्हीकडून पास.

सिनेमाला आधार आहे तो राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) ह्या कादंबऱ्यांचा, आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' ह्या कथेचा. गवस गडहिंग्लज भागातले. देवदासी निर्मूलनाच्या चळवळीत त्यांनी काम केलेलं आहे. ज्या गडहिंग्लजला १९७५ साली देवदासींची परिषद भरली, त्याच मातीतून ह्या कादंबऱ्या आल्या. त्या कुणी खिडकीतून बघून लिहिलेल्या नाहीत. त्यातली एक जोगतिणीची आहे, दुसरी जोगत्याची. दोन पुस्तकं, दोन आयुष्यं. हे ध्यानात ठेवा, मी पुन्हा तिथं येणार आहे.

आता 'जोगवा' ह्या शब्दाबद्दल. आमच्या तुळजापुरात हा शब्द रोजचा. मंगळवारी, शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेऊन बाई पाच घरं मागते. कुणी मूठभर पीठ घालतं, कुणी मीठ-मिरची. भवानीची आराधीण लग्न करते, संसार करते, सकाळी खुरपायला जाते आणि संध्याकाळी परडी भरते. मी त्या भक्तीतला नाही, आमच्या घरातून ती गेली. पण खोटं कशाला बोलू, आराधीण आणि यल्लम्माची जोगतीण ह्यांत फरक आहे. जोगतीण म्हणजे सोडलेली. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने पोरीच्या गळ्यात मण्यांची माळ बांधली की तिचं लग्न देवीशी लागलं. मग तिला माणसाशी लग्न नाही. डोक्यावर जग, गळ्यात चौंडकं, कपाळाला भंडारा आणि दारोदार. पोरगा सोडला तर त्याला लुगडं नेसवायचं, तो जोगता. मार्गशीर्षात रांडाव पुनवेला देवी विधवा झाली म्हणून हिनं बांगड्या फोडायच्या, पुढं आहेव पुनवेला पुन्हा भरायच्या. नवरा नाही, तरी रांडपण आहे. आणि देवीच्या नावाने सोडलेल्या बाईचा अंगभोग देवी घेत नाही. तो गावातला ज्याच्याकडं दाणे आहेत तो घेतो.

ह्याला मी गुलामी म्हणतो. नीट विचार करून म्हणतो. स्वतःचं अंग स्वतःचं नाही, कामाला मजुरी नाही, लेकराला बापाचं नाव नाही, आणि सोडून जायची सोय नाही. गुलामीची आणखी कुठली खूण पाहिजे?

सिनेमा ही गुलामी दाखवतो आणि ताकदीने दाखवतो. मराठी पडद्यावर पुरुषानं लुगडं नेसलं की थेटर हसतं, हा आपला शिरस्ता. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आपण सगळ्यांनी हसून हसून पाहिलाय. उपेंद्र लिमयेचा तायाप्पा लुगडं नेसून येतो तेव्हा तुम्हाला हसू येत नाही. त्याचे पाय बाईचे होत नाहीत. ते पुरुषाचेच राहतात आणि लुगड्यात अडकतात. त्याच्या आजाराला गावानं देवीचा कौल ठरवलं आणि ह्याचं पुरुषपण काढून घेतलं. ते काढून घेणं त्याच्या खांद्यांत दिसतं, पदर सावरण्यात दिसतं. मुक्ता बर्वेची सुली बोलते कमी. केसात जट निघाल्यापासून तिच्या डोळ्यांत जी भीती बसते ती शेवटपर्यंत हलत नाही. मोठमोठी भाषणं नाहीत. भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात माणूस कसा बुडतो ते कॅमेरा दाखवतो. इथपर्यंत माझा ह्या सिनेमाला सलाम.

आता भांडण.

पहिलं भांडण जटेवरून. जट म्हणजे काय? केस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, की गुंता होतो. त्यात धूळ बसते, घाम बसतो, त्याची दोरी वळते. आमच्याकडं सूत असंच गुंततं. कात्री लावतो, गुंता फेकतो, धागा जोडतो, साचा चालू. तिथं कुणी देवी शोधत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव बायांच्या जटा अशाच कात्रीनं सोडवतात. तेव्हा प्रश्न जटेचा नाहीच. प्रश्न असा, की कुणाच्या पोरीच्या जटेला देवी म्हणायचं? पाटलाच्या पोरीच्या केसात गुंता झाला तर शिकेकाई. महारा-मांगाच्या पोरीच्या केसात झाला तर यल्लम्मा. ह्या प्रथेत सोडलेल्या बायांत दलित जातींच्या बाया सर्वांत जास्त, हे चळवळीत काम केलेला कुणीही सांगेल. देवी जात बघून बोलावते काय?

सिनेमात मी हा प्रश्न शोधत राहिलो. गरिबी दिसली, अडाणीपण दिसलं, गावाचा दरारा दिसला. जात प्रश्न म्हणून उभी राहत नाही. ती वातावरणात आहे, दिव्याच्या धुरासारखी, पण तिच्याकडं बोट केलेलं नाही. मग शहरातला प्रेक्षक काय समजतो? खेड्यातले लोक किती अंधश्रद्ध! त्याला वाटतं, एक शाळा काढली, एक दवाखाना काढला की झालं. हा गैरसमज त्याला फार परवडतो, कारण त्यात त्याचं काहीच जात नाही. १९८६ साली उत्तम बंडू तुपे यांची 'झुलवा' आली, पुढं वामन केंद्रे यांनी ती रंगभूमीवर आणली. मांगाच्या घरात जन्मलेल्या माणसानं जोगतिणीवर लिहिलेली कादंबरी. तुपे, गवस ही माणसं लिहून बसली होती. सिनेमावाल्यांना नवीन काही शोधायचं नव्हतं. फक्त बोट दाखवायचं होतं.

दुसरं भांडण प्रेमावरून. मी आधी म्हटलं ते आठवा. जोगतिणीची कादंबरी वेगळी, जोगत्याची वेगळी. सिनेमानं दोन पुस्तकांतली दोन माणसं उचलली, एका तांड्यात आणली आणि त्यांची प्रीत लावली. सिनेमाची युक्ती म्हणून ती झकास आहे. लुगड्यातला पुरुष आणि देवीची बायको एकमेकांत बाई आणि पुरुष शोधतात. ह्यातून जे दोन-तीन प्रसंग निघतात ते कुणालाही हलवतील. पण युक्तीची किंमत असते. दोन कादंबऱ्यांतली दोन माणसं आपापल्या जागी एकटी आहेत. त्यांचं दुःख एकट्याचं आहे, आणि समोर आहे ते अख्खं गाव. सिनेमात दोघं एकमेकांना भेटली की गाव मागं सरतं. आता आपण एवढंच बघत बसतो, की ह्यांचं जमतं का नाही. व्यवस्थेचा प्रश्न होता, त्याचा जोडप्याचा प्रश्न झाला. आणि जोडप्याच्या प्रश्नाला पडद्यावर एकच उत्तर असतं. दोघं सगळं झुगारून निघतात. पडदा पांढरा. लोक डोळे पुसत घरी.

आमच्या खात्यात झाडलोट करणारी एक बाई आहे. अक्कलकोटकडची. लहानपणी यल्लम्माला सोडलेली, चाळिशीत जट काढली. मी तिला मावशी म्हणतो. तिला हा सिनेमा मी मोबाईलवर दाखवला, जेवणाच्या सुट्टीत, तुकड्या-तुकड्यानं, पाच दिवसांत. तायाप्पाला बघून ती म्हणाली, "खरंच हाय, आसंच चालायचा आमच्यातला एक." शेवट बघून मात्र तिनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "निघाली व्हय? बरं झालं. कुठं गेली?"

मी म्हटलं, "सिनेमा संपला, मावशी."

"आरं लेकरा, संपला कसा? जट काढली त्या दिशी माझ्या भावानं दार लावून घेतलं. रात ष्टँडावर काढली म्या. पुढं दोन साल कुणी खुरपायला सुदीक बोलवंना. हिनं देवीला टाकलं, हिच्या हातानं पीक करपंल म्हणायचे. येल्लूबाई बरी हुती म्हणायची पाळी आली, निदान परडीत पीठ तरी पडत हुतं. ती पोरगी रातच्याला कुठं निजली त्ये दाखवाय पायजे हुतं की."

सगळ्या समीक्षेचं सार ह्यात आहे असं मला वाटतं. ती पोरगी रात्री कुठं निजली?

गुलामीत जगणं ही एक गोष्ट आहे. गुलामीतून निघून त्यानंतर जगणं ही दुसरी गोष्ट आहे, आणि ती पहिलीपेक्षा सोपी असते असं समजू नका. 'जोगवा' पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरीच्या उंबऱ्यावर थांबतो.

ह्या दुसऱ्या गोष्टीवर अमेरिकेतल्या काळ्या लेखिकेनं, टोनी मॉरिसननं, अख्खी कादंबरी लिहिली आहे. 'बिलव्हेड', १९८७ ची. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती पाच महिन्यांत वाचली. अमेरिकेतल्या काळ्यांचं आणि आपलं नातं काही मी आज जोडत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस ह्या काळ्यांच्या नेत्याला पत्र लिहिलं होतं. आणि त्याच्याही आधी जोतीराव. 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, कारण त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं. साल १८७३.

आता गंमत बघा. मॉरिसनच्या कादंबरीतली वर्तमानातली गोष्ट घडते तीही १८७३ सालीच. आठ वर्षांमागं, १८६५ साली, कायद्यानं गुलामी संपली आहे. जोतीराव पुण्यात बसून ज्यांच्या सुटकेचा आनंद करत होते, त्यांच्यापैकी एक बाई सिनसिनाटीच्या एका घरात कशी जगत होती, ते ही कादंबरी सांगते. सेथी तिचं नाव. अठरा वर्षांपूर्वी ती पोटुशी असताना केंटकीतल्या मालकाच्या मळ्यातून पळाली, नदी ओलांडली. पाठीवर फटक्यांचे वण झाडासारखे फुटलेले. अठ्ठावीस दिवस तिला मोकळेपण मिळालं. मग मालक धरायला आला. आपली लेकरं पुन्हा त्या नरकात जाऊ नयेत म्हणून तिनं स्वतःच्या हातानं पोटची पोर मारली. हे हवेतलं नाही. १८५६ साली मार्गारेट गार्नर नावाच्या पळालेल्या बाईनं हे केलं होतं, त्यावरून लेखिकेला ही गोष्ट सुचली. त्या मेलेल्या पोरीचं भूत घरात आहे. मालक गेला, कायदा झाला, आणि तरी घरात भूत आहे. भूत म्हणजे काय ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१९९८ साली जोनाथन डेमी यानं ह्यावर सिनेमा काढला. ओप्रा विन्फ्री सेथी झाली. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा, आणि तिकीटबारीवर आपटला. त्यातही खोट आहे. भूत पडद्यावर आणलं की लोक भुताकडं बघतात, ते कशाचं आहे तिकडं बघत नाहीत. पण एक गोष्ट त्यानं सोडली नाही, ती म्हणजे 'नंतर'. सिनेमा सुरूच होतो सुटकेनंतर. पळून जायचा थरार त्यात आठवण म्हणून येतो, तुकड्या-तुकड्यानं. मुख्य गोष्ट चालते ती चुलीपाशी, अंथरुणात, दारात. बाई मोकळी झाली आहे, आता ती झोपणार कशी? जेवणार कशी? पुरुषाला जवळ येऊ देणार कशी? लोकांनी हा सिनेमा उचलला नाही आणि 'जोगवा' उचलला. ह्यावरून लोकांना काय बघायला आवडतं ते कळतं. निघून जाणारी माणसं बघायला आवडतात. येऊन राहणारी आवडत नाहीत.

त्या कादंबरीत माझ्या मनात घर करून बसलेली एक जागा आहे. सेथी खचते, घरात दाणा नाही. तिची जिवंत असलेली पोर, डेन्व्हर, वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर न पडलेली, ती बाहेर पडते आणि मदत मागते. मग आळीतल्या बाया, ज्यांनी त्या घराला जवळजवळ वाळीत टाकलेलं असतं, त्या कुंपणाशी एकेक भांडं ठेवून जातात. कुणाचे घेवडे, कुणाची अंडी. मी तुळजापूरचा माणूस. मला हे वाचताना पाच घरांचं पीठ आठवलं. हा खरा जोगवा. देवीच्या नावानं नाही, माणसानं माणसाला घातलेला. आणि शेवटी भूत जातं ते एका शूर पुरुषामुळं नाही. वस्तीतल्या तीसेक बाया चालत त्या घरापाशी येतात आणि गातात. सिनेमातही हे आहे. भूत घालवायला वस्ती यावी लागली.

'जोगवा'च्या शेवटाला ही वस्ती नाही. दोघंच आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की दोघांची सुटका ही सुटका नसते. बाहेर पडलेल्या माणसाला उभं राहायला पायाखाली चार माणसं लागतात.

हे मी परदेशी पुस्तकातून आणून तुमच्या डोक्यावर ठेवत नाही. आपल्याकडं घडलेलं आहे. १९०८ साली पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढलं. आपल्या माणसानं आपल्या माणसांसाठी काढलेलं नियतकालिक. त्यात त्यांनी पोरी खंडोबाला मुरळ्या म्हणून सोडायच्या प्रथेवर कोरडे ओढले. ते वाचून शिवूबाई नावाच्या एका मुरळीनं पत्र लिहिलं, की मला ह्यातून निघायचं आहे. आणि १९०९ च्या सुमाराला त्याच पत्राच्या कामात असलेल्या गणपतराव गायकवाडांनी तिच्याशी लग्न केलं. बघा, काय काय लागलं! एक छापलेलं पान लागलं. ते वाचून दाखवणारं कुणीतरी लागलं असेल. लिहायची हिंमत लागली. लग्न लावून देणारी, तिला आपली म्हणणारी माणसं लागली. प्रेम लागलंच असेल, नाही म्हणत नाही. पण नुसत्या प्रेमावर ते तरलं नाही. शंभर वर्षांमागं आपल्या लोकांनी जे करून दाखवलं, ते २००९ सालच्या सिनेमाला सुचू नये?

जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली. समोर देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, आराधी. बाबासाहेबांनी त्यांना बजावलं, हे लाजिरवाणं जिणं सोडा. पोट कसं भरायचं, हा प्रश्न बायांच्या मनात असणार हे ओळखून तो त्यांनी स्वतःच काढला. मार्ग शेकडो आहेत, पण हे सोडलंच पाहिजे, लग्न करून संसाराला लागा, असं त्यांचं सांगणं होतं. कडक वाटतं. पण ते कुणापुढं बोलत होते बघा. धर्मांतराची घोषणा झालेली होती, समाज उठलेला होता. 'सोडा' म्हणणाऱ्याच्या पाठीशी अख्खा समाज होता. 'सोड' एवढंच म्हणणारा एकटा माणूस आणि 'सोडा, आम्ही आहोत' म्हणणारी चळवळ, ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

कायद्याचं म्हणाल तर कायदे आपल्याकडं भरपूर. १९२० साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. १९३४ साली मुंबई इलाख्यात झाला. १९८२ साली कर्नाटकात झाला. २००५ साली महाराष्ट्रानं पुन्हा केला. चार कायदे. एकाच वाईट चालीवर पंच्याऐंशी वर्षांत चार वेळा कायदा करावा लागतो, ह्याचा अर्थ काय? अमेरिकेत १८६५ नंतर हेच झालं. गुलाम मोकळा झाला, जमीन मालकाकडंच राहिली. मग मोकळा झालेला माणूस त्याच जमिनीवर वाट्यानं राबायला लागला, कर्जात बुडाला. साखळी तोडली आणि भाकर दिली नाही, तर माणूस साखळी जिथं पडली तिथंच घुटमळतो. आमच्या मावशीला येल्लूबाई बरी वाटायची पाळी आली, ती ह्यामुळं.

आणि लेकरं? सुली-तायाप्पाला उद्या पोर झालं, शाळेत घातलं, तर मास्तर बापाचं नाव विचारणार. जोगता म्हणून ज्याला गावानं पुरुषच मानलं नाही त्याचं नाव तो बाप म्हणून मांडून घेईल का? ह्या पुढच्या गोष्टीचा एक भाग अक्कलकोट तालुक्यात लिहून झालेला आहे. शरणकुमार लिंबाळे यांची 'अक्करमाशी', १९८४. ती जोगतिणीच्या पोराची गोष्ट नाही. पण आई दलित, बाप सवर्ण पाटील, आणि शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून कुणाचं नाव घालायचं हा पेच, हे सगळं त्यात आहे. देवीच्या नावानं असो नाहीतर पाटलाच्या धाकानं, वापरलेल्या बाईच्या पोटच्या पोरापुढं येऊन उभा राहणारा प्रश्न तोच. सिनेमावाल्यांना शेवटानंतरची गोष्ट पाहिजे असती तर ती शेजारच्याच तालुक्यात छापील तयार होती.

आता गाण्याचं एक सांगतो, कारण तुळजापुरात राहून ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. नवरात्रात आमच्याकडं माणसांचा समुद्र येतो. रात्रंदिवस संबळ, पोत, 'आई राजा उदो उदो'. मंडळांच्या भोंग्यावर 'लल्लाटी भंडार' वाजतंच वाजतं. अजय-अतुलनं बांधलंच असं जबरदस्त, की पाय आपोआप उचलतात. माझेही उचलतात. पण ते कुठल्या सिनेमातलं, त्यात कुणाच्या कपाळाला भंडारा फासला आणि त्या कपाळाचं पुढं काय झालं, हे त्या गर्दीत कुणाला आठवत नाही. ज्या बेडीविरुद्ध सिनेमा काढला त्या बेडीचा आवाज इतका गोड लागला की लोक त्यावर नाचायला लागले. ह्याला अजय-अतुल जबाबदार नाहीत. सिनेमानं प्रश्न उंबऱ्यावर सोडून दिला, म्हणून लोकांनी गाणं तेवढं घरात घेतलं.

कुणी म्हणेल, बाबा, दोन तासांच्या सिनेमात किती मावणार? बरोबर आहे. मी त्याला मोजमाप देत नाही. पण शेवटी दोघं निघाल्यावर एक रात्र दाखवायला किती वेळ लागला असता? एक धर्मशाळा, एक बंद दार, एक उघडं दार. सकाळी कामाच्या ठेक्यावर नाव विचारणारा मुकादम. सुलीनं स्वतःचे केस स्वतः धुतले आणि विंचरले, एवढं जरी दाखवलं असतं तरी मी हा लेख लिहिला नसता. मॉरिसनच्या कादंबरीत एक म्हातारी आहे, पोरानं रविवारी-रविवारी राबून मालकाकडून सोडवून आणलेली. ती मोकळं झालेल्या माणसांना रानात जमवून सांगते, की आपल्या हातांवर, तोंडावर, अंगावर स्वतः प्रेम करायला शिका, कारण बाहेर कुणी करणार नाही. मोकळं झाल्यावर पहिलं काम हे असतं. ते 'जोगवा'च्या सुलीला करायला मिळालं नाही. सिनेमानं तिला तायाप्पा दिला, पण तिचे हात तिला परत दिले नाहीत.

म्हणून माझं सांगणं दिग्दर्शकांना नाही. राजीव पाटील २०१३ साली वारले. जेवढं त्यांनी केलं तेवढं दुसऱ्या कुणी केलं नाही, हे मान्यच. माझं सांगणं जोगतिणींच्या, मुरळ्यांच्या, पोतराजांच्या पोरा-पोरींना आहे. तुमच्यातले कितीतरी शिकले, कुणी शिक्षक आहेत, कुणी आमच्यासारखे साच्यावर आहेत. तुमच्या आया निघाल्या त्या रात्री कुठं निजल्या, दुसऱ्या दिवशी काय खाल्लं, पहिलं दार कुणी उघडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. व्याकरणाची काळजी करू नका, ती मीही करत नाही. आयांना विचारा आणि लिहून काढा. सिनेमा अर्ध्यावर थांबलाय, आणि पुढचं रीळ तुमच्या घरात आहे.